ताटलीवरची गुरगुर आणि इव्हान पावलॉव

वसई-दिवा लोहमार्गावरचे कामण रोड स्थानक आणि चिंचोटी नाक्यावरून भिवंडीकडे जाणारा रस्ता यांच्या आसपास पसरलेल्या कामण परिसरात कुत्रा पाळणे ही हौसेपेक्षा गरजेची बाब राहिली आहे. एका बाजूला तुंगारेश्वर आणि कामणदुर्गाचा डोंगर, दुसऱ्या बाजूला गोदामे व कारखान्यांचे गाळे आणि मधे वाड्या-पाडे. अशा ठिकाणी रात्री फाटकाशी भुंकणारा कुत्रा घराला धीर देतो. मात्र फाटक राखणारा हाच कुत्रा आपली ताटलीही राखू लागला, की घरात निराळेच चित्र दिसते. खाताना कोणी जवळून गेले तरी तो ताठरतो, गुरगुरतो, हात पुढे केला तर चावायला धावतो. मग त्याला कृतघ्न ठरवले जाते, काठी उगारली जाते आणि लहान मूल चावल्यास कुत्र्याला दूर कुठेतरी नेऊन सोडण्याची भाषा सुरू होते.

कुत्र्याच्या या वर्तनाचा उलगडा करण्यासाठी लागणारे शास्त्र ज्या माणसाच्या प्रयोगशाळेत जन्मले, तो श्वानप्रशिक्षक नव्हता. तो पचनक्रियेचा अभ्यासक होता. अन्न, कुत्रा आणि अन्न घेऊन येणारा माणूस या तिघांच्या नात्याकडे त्याने सुमारे साडेतीन दशके अत्यंत चिकाटीने पाहिले. त्याचे नाव इव्हान पेत्रोविच पावलॉव. त्याच्या नावाशी जोडली गेलेली घंटा आणि लाळ शाळेतल्या पुस्तकांमुळे सर्वांना ठाऊक असते. घरातल्या ताटलीशी असलेला त्याच्या कामाचा संबंध मात्र फारसा सांगितला जात नाही.

धर्मगुरूचा मुलगा

पावलॉवचा जन्म 26 सप्टेंबर 1849 रोजी मध्य रशियातील रियाझान या गावी झाला. वडील प्योत्र दिमित्रीविच हे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाचे धर्मगुरू होते. घरात भावंडे पुष्कळ आणि मिळकत बेताची होती. लहानपणी उंचावरून दगडी फरशीवर पडल्याने इव्हानची प्रकृती बराच काळ नाजूक राहिली आणि शाळेत जाण्यास त्याला वयाची अकरा वर्षे उलटावी लागली. बागकाम, अंगमेहनत आणि गोरोदकी हा लाकडी काठ्या फेकून ठोकळे उडवण्याचा रशियन खेळ यांची गोडी त्याला लागली ती आयुष्यभर टिकली.

घराण्याच्या रिवाजाप्रमाणे त्याला धर्मशिक्षणाच्या विद्यालयात घालण्यात आले. मात्र तो काळ रशियात नव्या विचारांचा होता. इव्हान सेचेनॉव या शरीरशास्त्रज्ञाने 1863 मध्ये मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रियांवर लिहिलेला प्रबंध तरुण पावलॉवच्या हाती पडला. मनाचे व्यापारही शरीराच्या नियमांनी तपासता येतील ही कल्पना त्याच्या डोक्यात तेव्हाच रुजली. धर्मविद्यालय अर्ध्यावर सोडून 1870 मध्ये तो सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात निसर्गविज्ञान शिकण्यासाठी दाखल झाला. तेथे इल्या त्सिऑन या कुशल शल्यप्रयोगकाराने त्याला शरीरशास्त्राकडे वळवले. 1875 मध्ये विद्यापीठाची पदवी आणि त्यानंतर वैद्यकीय अकादमीची पदवी, असा त्याचा प्रवास झाला.

1881 मध्ये सेराफिमा कार्चेव्हस्काया हिच्याशी त्याचा विवाह झाला. संसाराची पहिली वर्षे अतिशय ओढगस्तीची होती. पहिले अपत्य लवकर दगावले. राहायला धड जागा नसल्याने पती-पत्नींना काही काळ वेगळेही राहावे लागले. रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हकडे साहाय्यक असलेल्या धाकट्या भावाच्या, दिमित्रीच्या आधाराने पावलॉवने दिवस काढले. अशा स्थितीतही प्रयोगासाठी आणलेल्या जनावरांच्या खाण्यापिण्यावरचा खर्च त्याने कमी केला नाही. 1883 मध्ये हृदयाच्या मज्जातंतूंवरील प्रबंध त्याने सादर केला आणि पुढील दोन वर्षे जर्मनीत लाइपझिग येथे कार्ल लुडविग व ब्रेस्लाऊ येथे रुडॉल्फ हायडेनहाइन या नामवंतांच्या प्रयोगशाळांत काम केले.

अन्नाची वाट पाहणारे पोट

परतल्यावर चार वर्षे चांगल्या पदाविना गेली. अखेर 1890 मध्ये लष्करी वैद्यकीय अकादमीत औषधशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले आणि 1891 पासून नव्याने स्थापन झालेल्या प्रायोगिक वैद्यक संस्थेतील शरीरशास्त्र विभागाची सूत्रे पावलॉवकडे आली. पुढची 45 वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, ती त्याच्याकडेच राहिली.

त्या काळी प्राण्यांवरील प्रयोग बहुधा एकाच बैठकीत उरकले जात आणि प्राणी त्यातच मरे. पावलॉवने पद्धत बदलली. शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याला बरे होऊ द्यायचे, त्याची शुश्रूषा करायची आणि मग महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे त्याचे निरीक्षण करायचे, असा त्याचा आग्रह असे. जठराचा एक लहान कप्पा मज्जातंतू शाबूत ठेवून वेगळा काढण्याची त्याची शस्त्रक्रिया शास्त्रीय जगतात गाजली. आणखी एका प्रयोगात कुत्र्याच्या गळ्याला छिद्र पाडलेले असे. त्याने गिळलेला घास पोटात न जाता बाहेर पडे. तरीही जठरातून पाचकरस वाहू लागे. अन्न पोटात पोचण्याआधीच पोट कामाला लागते, हे यातून सिद्ध झाले. या कुत्र्यांपासून मिळणारा जठररस गाळून अपचनाच्या रुग्णांसाठी विकलाही जात असे आणि त्या उत्पन्नातून प्रयोगशाळेच्या खर्चाला हातभार लागे.

या कुत्र्यांनी सोसलेले कष्ट आजच्या वाचकाला अस्वस्थ करतील. अनेक कुत्री शस्त्रक्रियांत दगावली, जी जगली ती आयुष्यभर जखमा बाळगून जगली. पावलॉवच्या कामाचे मोल मांडताना हा हिशेब बाजूला ठेवता येत नाही.

1897 मध्ये त्याची पचनग्रंथींवरील व्याख्याने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि 1904 मध्ये त्याला वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारा तो पहिला रशियन होता. तोवर त्याचे लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे वळले होते.

पावलांचा आवाज

प्रयोगशाळेतील कुत्र्यांच्या तोंडाला अन्न लागण्याआधीच लाळ सुटते, हे साहाय्यकांच्या ध्यानात येऊ लागले होते. रोज खाणे आणणारा सेवक दिसला, त्याच्या पावलांची चाहूल लागली, ताटलीचा आवाज झाला तरी लाळ वाहू लागे. इतरांना ही प्रयोगातली अडचण वाटली. पावलॉवला मात्र यात मेंदूच्या अभ्यासाचे दार दिसले. 1903 मध्ये माद्रिद येथील आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत त्याने या संशोधनाची दिशा जगासमोर मांडली.

त्याचे म्हणणे सोपे होते. तोंडात अन्न पडले की लाळ येणे ही जन्मजात क्रिया आहे. पण एखादी खूण अन्नाच्या आधी वारंवार आली, तर ती खूणच अन्नाची वर्दी बनते आणि शरीर तिच्यावरच प्रतिसाद देऊ लागते. हा प्रतिसाद शिकलेला असतो, परिस्थितीवर अवलंबून असतो. त्याला अभिसंधित प्रतिक्षेप असे म्हटले जाऊ लागले. लोकप्रिय समजुतीतली घंटा या प्रयोगांत फारशी वापरली गेली नव्हती. तालमापक यंत्र, बाजाची पेटी, विजेचा दिवा, त्वचेला होणारा स्पर्श अशा काटेकोर मोजता येणाऱ्या खुणांवर पावलॉवचा भर होता. बाहेरचा आवाज वा हादरा कुत्र्यापर्यंत पोचू नये म्हणून जाड भिंतींची एक खास इमारतही उभारण्यात आली. लोक तिला मौनाचा मनोरा म्हणत.

या प्रयोगांतून काही नियम हाती आले. खूण आधी आणि अन्न नंतर, हा क्रम पाळला तरच शिकणे नीट होते. क्रम उलटला तर खुणेला अर्थ उरत नाही. खुणेनंतर अन्न देणे थांबवले तर प्रतिसाद हळूहळू विझतो, पण पुसला जात नाही. काही काळ गेल्यावर तो पुन्हा डोके वर काढतो.

ताटलीवर गुरगुरणाऱ्या घरच्या कुत्र्याकडे या नियमांच्या प्रकाशात पाहिले, तर त्याचा कृतघ्नपणा नाहीसा होतो. खाताना जवळ येणारी पावले ही त्याच्यासाठी एक खूण आहे. त्या पावलांमागून पूर्वी काय आले, यावर तिचा अर्थ ठरतो. पावलांमागून वारंवार हात आला असेल, हाताने ताटली ओढली असेल, हाड हिसकावले असेल, तर पावलांचा अर्थ घास जाणार एवढाच उरतो. पिल्लू असताना भावंडांशी झोंबून खावे लागलेल्या किंवा रस्त्यावर उपाशी वाढलेल्या कुत्र्याला हा अर्थ शिकवावाही लागत नाही. आपल्या खाण्याचे रक्षण करणे ही प्राण्याची मूळची वृत्ती आहे. फाटकावर तिचे कौतुक होते आणि ताटलीवर तिला शिक्षा होते, एवढाच काय तो फरक.

अन्न आणि आक्रमण यांचे तराजू

पावलॉवने राखणीच्या वृत्तीचाही अभ्यास केला. मारिया पेट्रोवा या सहकारी डॉक्टरसमवेत त्याने परक्या माणसाला पाहताच आक्रमक होणाऱ्या कुत्र्यांवर निरीक्षणे केली. अन्नाची ओढ आणि राखणीचा आवेश ही दोन केंद्रे मेंदूत तराजूच्या पारड्यांसारखी वागतात, एक जड झाले की दुसरे वर जाते, असा निष्कर्ष त्यातून निघाला. कोणते पारडे जड होईल हे भूक किती, माणूस किती जवळ आणि त्याच्या हालचाली कशा, यावर अवलंबून असते.

याच काळातला मारिया येरोफेयेवा हिचा प्रयोग आणखी बोलका ठरला. तिने कुत्र्याच्या त्वचेला विजेचा सौम्य झटका देऊन लगेच अन्न देण्यास सुरुवात केली आणि झटका अतिशय सावकाश वाढवत नेला. काही काळाने वेदना देणाऱ्या त्या झटक्याला कुत्रा प्रतिकार करीनासा झाला. झटका बसताच तो अन्नाच्या दिशेने मान वळवी आणि जिभल्या चाटू लागे. भीती निर्माण करणारी खूण चांगल्या गोष्टीची वर्दी बनू शकते, याचा हा पुरावा होता. पण याला एक मर्यादाही दिसली. झटका शरीराच्या निरनिराळ्या जागी देण्यास सुरुवात होताच सारे शिक्षण अचानक कोसळले आणि कुत्रा पूर्वीपेक्षा जास्त हिंसक झाला. हा प्रयोग क्रूर होता आणि आज तो कोणी करू धजणार नाही. त्याचा निष्कर्ष मात्र मोलाचा आहे. सावकाश गेल्यास वृत्ती पालटते, घाई केल्यास होते तेही जाते.

भूक आणि महापूर

1917 च्या क्रांतीनंतर रशियात यादवी आणि उपासमार सुरू झाली. प्रयोगशाळेतील कुत्री अन्नाविना मरू लागली. सत्तरी गाठलेला पावलॉव संस्थेच्या आवारात भाजीपाला पिकवून घर चालवत होता. त्याचा मुलगा व्हिक्टर 1919 मध्ये निवर्तला. परदेशी निघून जाण्याचा विचार त्याने शासनाला कळवला तेव्हा लेनिनने 24 जानेवारी 1921 रोजी खास हुकूम काढून त्याच्या संशोधनाची आणि कुटुंबाच्या शिधावाटपाची व्यवस्था लावली. शासनाचे हे उपकार स्वीकारूनही पावलॉव मिंधा झाला नाही. धर्मगुरूंच्या मुलांना लष्करी वैद्यकीय अकादमीतून काढून टाकण्यात आले तेव्हा 1924 मध्ये त्याने तेथील आपल्या प्राध्यापकपदाचा त्याग केला. पुढेही अटकसत्रांविरुद्ध तो सत्ताधाऱ्यांना रोखठोक पत्रे लिहीत राहिला.

त्याच वर्षी 23 सप्टेंबर रोजी लेनिनग्राडमध्ये नेवा नदीला महापूर आला. प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यांत पाणी शिरले. पिंजऱ्यांची दारे खालच्या बाजूला असल्याने सेवकांना कुत्र्यांची डोकी पाण्याखाली दाबून त्यांना बाहेर ओढावे लागले. कुत्री वाचली, पण त्यांपैकी काही आपले शिकलेले प्रतिसाद पार विसरून गेल्याचे पुढील दिवसांत आढळले. महिन्यांच्या मेहनतीने ते पुन्हा शिकवण्यात आले. त्यानंतर एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून पाण्याची बारीकशी धार सोडताच त्याची जुनी भीती उसळून आली आणि शिकवलेले पुन्हा नाहीसे झाले.

पाळीव कुत्र्याच्या बाबतीत याचा अर्थ असा, की सुधारलेला कुत्रा कायमचा सुधारला असे गृहीत धरता येत नाही. घर बदलणे, नवे बाळ येणे, दुसरा कुत्रा आणणे, आजारपण किंवा फटाक्यांची दिवाळी अशा धक्क्यांनंतर जुनी गुरगुर परत येऊ शकते. अशा वेळी संतापण्याऐवजी पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

पिल्लांची वाढ

उतारवयात पावलॉवने लेनिनग्राडनजीक कोल्तुशी येथे मोठे संशोधन केंद्र उभारले. तेथे त्याच्या सहकाऱ्यांनी एकाच विणीची पिल्ले दोन गटांत वाढवली. काही पिल्ले मोकळी सोडली, काहींना पिंजऱ्यात ठेवले. पिंजऱ्यात वाढलेली पिल्ले मोठी झाल्यावरही बुजरी राहिली. अनोळखी जागी ती जमिनीला चिकटून बसत. कुत्र्याचा स्वभाव रक्तातूनच येतो असे मानणाऱ्यांना ही मोठी चपराक होती. स्वभाव जन्माने मिळतो तसा वाढवण्यानेही घडतो, हे पावलॉवने अखेरच्या काळात आवर्जून मांडले.

1935 मध्ये लेनिनग्राडमध्ये आंतरराष्ट्रीय शरीरशास्त्र परिषद भरली आणि जगभरच्या शास्त्रज्ञांनी 85 वर्षांच्या पावलॉवचा गौरव केला. त्याच वर्षी संस्थेच्या बागेत प्रयोगांत कामी आलेल्या कुत्र्यांच्या स्मरणार्थ एक स्मारक उभारण्यात आले. त्याच्यावर बसलेला कुत्रा आजही तेथे पाहायला मिळतो. 27 फेब्रुवारी 1936 रोजी न्यूमोनियाने पावलॉवचे निधन झाले.

प्रयोगशाळेतून घराकडे

पावलॉवचे नियम उपचारात उतरवण्याचे काम त्याच्या हयातीतच सुरू झाले होते. 1924 मध्ये अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या संशोधिकेने सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या बालकाला आवडीचा खाऊ खात असताना ससा दुरून दाखवला आणि तो दररोज थोडा जवळ आणला. अखेर ते मूल सशाला कुरवाळू लागले. गुरगुरणाऱ्या कुत्र्यासाठी आजचे पशुवर्तनतज्ज्ञ हीच वाट सुचवतात.

ताटली हिसकावून कुत्र्याला मालक कोण ते दाखवून द्यावे, असा सल्ला बरीच वर्षे दिला जात होता. त्यामागे बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणावर बेतलेली वर्चस्वाची कल्पना होती. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच 1999 मध्ये तिच्या मर्यादा दाखवून दिल्या. रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंबच असते. कॅनडातील गुएल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीतही खाताना ताटली काढून घेण्याची सवय आणि अन्नराखणीची तीव्रता यांचा संबंध दिसून आला. उलट खाताना ताटलीत चविष्ट तुकडा घालणाऱ्या घरांत हे वर्तन कमी आढळले.

मराठी मनाला हा मार्ग परका वाटू नये. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या संत नामदेवांची आख्यायिका घरोघरी सांगितली जाते. त्या गोष्टीतला भाव भूतदयेचा आहे. पण भाकरी काढून घेण्याऐवजी तिच्यात भर घालणे हेच वर्तनशास्त्राचेही सूत्र आहे. फक्त प्रत्यक्षात कुत्र्यामागे धावू नये, एवढीच पुस्ती जोडावी लागते.

प्रथम कुत्र्याची देहबोली ओळखावी. खाण्याचा वेग एकदम वाढणे, शरीर ताठरणे, ताटलीवर अंग झाकून घेणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे या गुरगुरीच्या आधीच्या पायऱ्या आहेत. गुरगुरण्याबद्दल मात्र कधीही मारू नये. गुरगुर ही पूर्वसूचना आहे. ती दडपली तर कुत्रा न गुरगुरता चावायला शिकतो.

कुत्र्याला घरातल्या वर्दळीपासून दूर, शांत कोपऱ्यात खायला द्यावे. तो निवांत खात राहील इतके अंतर ठेवून जवळून जावे आणि जाता जाता त्याच्या रोजच्या खाण्यापेक्षा चांगला तुकडा, उदाहरणार्थ उकडलेल्या कोंबडीचा हाडाविना तुकडा, ताटलीच्या दिशेने टाकून पुढे निघून जावे. येथे पावलॉवचा क्रम पाळणे महत्त्वाचे आहे. आधी माणूस दिसावा, मग तुकडा पडावा. काही दिवसांनी, माणूस दिसताच कुत्रा मान वर करून आशेने पाहू लागला, शेपूट सैल हलवू लागला, तर अंतर एका पावलाने कमी करावे. तो ताठरला तर एक पाऊल मागे यावे. यास काही आठवडे लागतात, कधी महिने. येरोफेयेवाच्या प्रयोगाने दाखवलेला घाईचा धोका येथे विसरता कामा नये. शिवाय घरातल्या एकाने चांगला तुकडा द्यावा आणि दुसऱ्याने ताटली ओढावी असे झाल्यास कुत्र्याचा गोंधळ वाढतो. त्यामुळे घरातल्या साऱ्या प्रौढांनी एकच रीत पाळावी.

कुत्र्याने चप्पल, मोजा वा हाड तोंडात धरले तर झटापट करू नये. दुसरी आवडीची वस्तू देऊन अदलाबदल करावी. घरात दोन कुत्री असल्यास त्यांना स्वतंत्र खोल्यांत खायला घालावे. रिकामी ताटली कुत्रा तेथून दूर गेल्यावरच उचलावी. हे शिक्षण मुलांच्या हाती मुळीच देऊ नये आणि कुत्रा खात असताना लहान मुलांना त्या जागेपासून लांब ठेवावे. आजवर शांत असलेला कुत्रा एकाएकी ताटली राखू लागला तर दातदुखी वा अन्य वेदना असण्याची शक्यता असते, म्हणून प्रथम पशुवैद्यकाला दाखवावे. कुत्रा चावला असेल किंवा घरच्यांना त्याची भीती वाटत असेल तर स्वतः प्रयोग न करता पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वर्तनतज्ज्ञाची मदत घ्यावी. पाळीव कुत्र्याचा चावाही हलका समजू नये. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि लगेच रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लशीबाबत सल्ला घ्यावा.

इतके करूनही काही कुत्री पूर्णपणे बदलत नाहीत. त्यांना कोणी न छेडता एकांतात खाऊ देणे हाच त्यांच्यापुरता इलाज असतो आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. त्याला रस्त्यावर सोडून देणे हा मात्र उपाय नव्हे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 अन्वये पाळीव जनावराला उपासमार सोसावी लागेल अशा स्थितीत वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा आहे. शिवाय सोडलेला कुत्रा दुसऱ्या वस्तीत भुकेला आणि अधिक धास्तावलेला होऊन फिरू लागतो आणि चाव्याचा धोका एका घरातून उठून साऱ्या गल्लीत जातो.

पावलॉवने कुत्र्यांना प्रेमाने वागवण्याचा उपदेश करण्यासाठी आपले आयुष्य वेचले नव्हते. त्याला मेंदूचे नियम हवे होते. त्या नियमांसाठी शेकडो कुत्र्यांनी किंमत मोजली. त्यांच्या वेदनांतून हाती आलेले ज्ञान आज एखाद्या घरात मुलाचा हात वाचवत असेल आणि त्याच घरातल्या कुत्र्याचा निवारा टिकवत असेल, तर लेनिनग्राडच्या त्या बागेतील स्मारकाला खरा अर्थ लाभतो. त्यासाठी फार मोठी सामग्री लागत नाही. ताटलीजवळून जाणारी पावले काही काढून नेण्यासाठी नव्हे तर काही देण्यासाठी येतात, हे कुत्र्याला दिवसामागून दिवस पटवून देणारा शांत स्वभावाचा एक माणूस घरात असावा लागतो.